दहा पुस्तकांचा हिशेब

मुले झोपली, की स्वीडनमधल्या त्या घरात रात्रपाळी सुरू व्हायची. टेबलाच्या एका बाजूला पेर वालॉ, समोर त्याची जोडीदार माय शोवाल. एक प्रकरण त्याने लिहायचे, पुढचे तिने; मग कागदांची अदलाबदल करून एकमेकांचे लेखन तपासायचे. १९६५ ते १९७५ या काळात अशा दहा कादंबऱ्या झाल्या. प्रत्येकीत बरोबर तीस प्रकरणे!

वालॉचा जन्म १९२६ चा. तरुणपणी तो वृत्तपत्रांसाठी गुन्हेगारीच्या बातम्या लिही. विचारांनी कडवा डावा. १९५७ मध्ये फ्रँकोच्या स्पेनने त्याला हद्दपार केले. पुढे नऊ वर्षांनी लहान असलेली पत्रकार माय त्याला भेटली. लग्न न करताच दोघांनी संसार थाटला. त्यांना दोन मुलगे झाले.

जन्मापासून मरणापर्यंत सरकार काळजी घेते, असा त्या काळी स्वीडनचा लौकिक होता. त्याआड दडलेला एकटेपणा, दारिद्र्य आणि पोलिसी अरेरावी वालॉला अस्वस्थ करी. हे लोकांना सांगायचे कसे? भाषणे कोण ऐकतो! रहस्यकथा मात्र सगळेच वाचतात. दहा पुस्तके लिहायची, आणि ती सारी मिळून समाजाचीच एक चौकशी ठरावी, असे दोघांनी सुरुवातीलाच ठरवले.

पहिल्या पुस्तकाचे बीज कालव्यातल्या बोटीवर सापडले. प्रवासात एक देखणी अमेरिकन तरुणी एकटीच उभी होती. पेर तिच्याकडे जरा जास्तच पाहतो आहे, हे मायच्या ध्यानात आले आणि पहिला खून हिचाच करू या, असे तिने सुचवले! त्यातून 'रोझॅना' जन्मली.

तिचा तपास करणारा मार्टिन बेक हा काही शेरलॉक होम्स नव्हे. त्याला सारखी सर्दी होते, पोट बिघडलेले असते, बायकोशी पटत नाही. विरंगुळा म्हणजे जहाजांच्या छोट्या प्रतिकृती करणे. आठवडे उलटतात, धागा सापडत नाही. तो प्रवाशांनी काढलेले फोटो गोळा करून पाहत राहतो. बँकेत उभा जन्म काढलेल्या मला हा माणूस लगेच ओळखीचा वाटला. तफावत सापडेपर्यंत खातेवही न मिटणारे असे सहकारी मी पाहिले आहेत.

स्टॉकहोमच्या एका बसमधल्या हत्याकांडावरच्या 'द लाफिंग पोलिसमन'ला १९७१ मध्ये अमेरिकेचा एडगर पुरस्कार मिळाला. हेनिंग मॅन्केलचा थकलाभागला वॅलँडर हा बेकचाच वारसदार.

दहावे पुस्तक लिहिताना वालॉ आजाराने खंगला होता, पण ठरलेला आकडा गाठायचाच होता. त्या पुस्तकात व्यवस्थेने वाऱ्यावर सोडलेली एक तरुण आई स्वीडनच्या पंतप्रधानावर गोळी झाडते. पुस्तक पुरे झाले आणि २२ जून १९७५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, वालॉ गेला. अकरा वर्षांनी स्टॉकहोमच्या रस्त्यावर पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांची खरोखरच गोळी घालून हत्या झाली.

माय २०२० पर्यंत जगली. बेकला जगभर वाचक मिळाले, चित्रपट निघाले. पण त्याची अकरावी कादंबरी काही तिने लिहिली नाही. हिशेब दहाचा ठरला होता; शिवाय पुढचे प्रकरण लिहायला टेबलापलीकडे आता कोणी नव्हते.