उष्णतेची बेरीज जुळवणारा डॉक्टर: कोण होते जर्मेन हेस?

आम्लात पाणी ओतू नका, पाण्यात आम्ल सोडा. छत्रपती संभाजीनगरच्या शाळा-कॉलेजांत प्रयोगशाळेत पाऊल ठेवताच ही ताकीद मिळते. कारण सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळताना इतकी उष्णता निघते, की ते उसळून अंगावर उडते. हीच उष्णता नेटाने मोजणारे जर्मेन हेस बारावीच्या रसायनशास्त्रात ‘हेसचा नियम’ म्हणून भेटतात.

१८०२ मध्ये जिनिव्हात जन्म. वडील चित्रकार. त्यांना रशियात खासगी शिक्षकाचे काम मिळाले आणि जर्मेन लहानपणीच तिकडे गेले. दोर्पात (आता एस्टोनियातील तार्तू) येथे शिकून १८२५ मध्ये ते डॉक्टर झाले. स्टॉकहोमला बर्झेलियस यांच्याकडे जेमतेम काही आठवडे काढले. पुढे सैबेरियात इर्कुत्स्कला वैद्यकी केली. अखेर सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत रसायनशास्त्रच जवळ केले.

नेमके काय शोधले?

हेस सल्फ्युरिक आम्लात कधी कमी, कधी जास्त पाणी मिसळत आणि निघालेली उष्णता मोजत. मग तेच आम्ल अमोनियाने उदासीन करून पुन्हा मोजत. आधी पाणी जास्त घातले, तर पहिल्या टप्प्यात उष्णता जास्त, दुसऱ्यात कमी. बेरीज मात्र जवळपास तीच! १८४० मध्ये त्यांनी हा नियम मांडला.

शहरातून म्हैसमाळला एका दमात जा, नाहीतर खुलताबादला भद्रा मारुतीचे दर्शन घेऊन. चढलेली उंची तेवढीच. (पेट्रोलचा हिशेब वेगळा.)

याचा खरा उपयोग जिथे मोजता येत नाही तिथे. कोळसा जाळून फक्त कार्बन मोनॉक्साइड मिळवणे अवघड. बंद खोलीतल्या शेगडीत जीव घेणारा हाच वायू. थोडा कार्बन डायऑक्साइड होतोच. मग हिशेब असा: एक मोल कार्बन पूर्ण जळला की ३९३.५ किलोज्यूल निघतात, एक मोल कार्बन मोनॉक्साइड जळला की २८३. उरले ११०.५. तेच हवे होते. समीकरण उलटे लिहिले की चिन्हही उलटते, हे विसरले की गुण गेले.

ऊर्जेच्या अक्षय्यतेबद्दल मायर यांनी १८४२ मध्ये, ज्यूल यांनी १८४३ मध्ये लिहिले. म्हणजे त्या तत्त्वाचा आधार नसताना हेस केवळ मोजमापांवरून तिथे पोहोचले होते. १८५० मध्ये, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले. नंतर त्यांचे काम मागे पडले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी त्यांचे श्रेय त्यांना पुन्हा मिळवून दिले.