डॉ. वसंत गोवारीकर : अग्निबाणाचे इंधन घडविणारे इंजिनियर



बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामातील पालक आमच्याकडे येतात. मुलाला किंवा मुलीला इंजिनियर करावयाचे असते. पण सावद्यासारख्या गावातून निघालेले लेकरू खरोखर मोठ्या कामापर्यंत पोहोचेल काय, ही शंका मनात असते. त्यांच्यासाठी या रविवारी आम्ही डॉ. वसंत गोवारीकर यांचे चरित्र सांगत आहोत. त्यांना जाऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आणि आजच्या अनेक मुलांना त्यांचे नावही ठाऊक नाही.

त्यांचा जन्म २५ मार्च १९३३ रोजी पुण्यात झाला. बालपण व शिक्षण कोल्हापुरात झाले. पुढे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात त्यांनी रासायनिक अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळविली. हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रात आणि नंतर समरफील्ड येथील अग्निबाण संशोधन केंद्रात त्यांनी काम केले. तेथे प्रयोगशाळा सुसज्ज होत्या. तरीही डॉ. विक्रम साराभाई यांनी बोलाविले तेव्हा १९६७ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी, ते केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावी आले.

थुंब्याचे नाव आपणा कॅथलिकांना जवळचे वाटावे असे आहे. अग्निबाण केंद्रासाठी ही जागा निवडली गेली तेव्हा तेथे संत मरिया माग्दालेना हिचे चर्च होते. बिशप पीटर बर्नर्ड परेरा यांनी लोकांपुढे हा विषय ठेवला आणि त्या गरीब धर्मग्रामाने आपले चर्च व घरे देशकार्यासाठी दिली. चर्च आणि बिशपांचे घर यांतूनच केंद्राचे काम सुरू झाले. आज त्या चर्चमध्ये अंतराळ संग्रहालय आहे.

गोवारीकरांचे काम होते घन इंधन तयार करण्याचे. हे काम कसे असते ते पाहू. जळणारा पदार्थ, त्याला प्राणवायू पुरविणारे क्षार आणि त्यांना बांधून ठेवणारे रबरासारखे द्रव्य एकत्र कालवून अग्निबाणाच्या नळकांड्यात ओततात आणि घट्ट होऊ देतात. वरून सारे ठीक दिसते. पण आत एखादी भेग किंवा हवेची पोकळी राहिली, तर एकाच वेळी अधिक पृष्ठभाग पेटतो, दाब वाढतो आणि अग्निबाण फुटू शकतो. एकदा पेटविलेले घन इंधन मध्येच विझविताही येत नाही. म्हणून जे डोळ्यांना दिसत नाही, तेच आधी निर्दोष करावे लागते. गोवारीकर व त्यांचे सहकारी यांनी अनेक वर्षे हेच काम केले.

एसएलव्ही-३ या आपल्या पहिल्या उपग्रहवाहकाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी तो श्रीहरिकोट्याहून सुटला आणि काही मिनिटांतच बंगालच्या उपसागरात कोसळला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील गळती हे त्याचे कारण ठरले. इंधन चांगले असूनही एका झडपेने घात केला होता. त्याच वर्षी गोवारीकर विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. कोणी काम टाकून गेले नाही. १८ जुलै १९८० रोजी त्याच वाहकाने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला.

पुढे ते केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. १९८८ साली त्यांच्या पुढाकाराने १६ घटकांवर आधारलेली मान्सूनच्या अंदाजाची पद्धत सुरू झाली. २००२ च्या दुष्काळात ती चुकली आणि पुढच्याच वर्षी बदलली गेली. विज्ञानात चूक कबूल करूनच पुढे जावे लागते. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. उतारवयात त्यांनी खतांचा ज्ञानकोश सहकाऱ्यांसह सिद्ध केला. आपल्या केळीच्या बागायतदारांना हे ऐकून समाधान वाटेल. २ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पालकहो, आपल्या मुलांना कोणते कॉलेज मिळेल याची चिंता आपण जरूर करावी. परंतु पाठ करून मिळविलेले गुण आणि उसने उतरविलेले प्रयोग ही आतली भेग आहे. ती परीक्षेत दिसत नाही. काम पेटले की दिसते. आपले लेकरू एकांतात, कोणी पाहत नसताना, आपले काम नीट करते काय, एवढे पाहा. ते करीत असेल तर गाव लहान आहे म्हणून भिऊ नका.

प्रभू आपल्या विद्यार्थ्यांना सद्बुद्धी व चिकाटी देवो.

आपले धर्मगुरू