आकड्यांत न मावलेले कर्नल

वर्ष सरत आले की वर्तमानपत्रांतून वर्षातील उत्तम खेळाडूंच्या याद्या झळकू लागतात. क्रिकेटमध्ये कोण, हॉकीत कोण, कुस्तीत कोण, धावण्यात कोण. प्रत्येक खेळाचा एकेक मानकरी निवडला जातो, त्याचे छायाचित्र छापले जाते आणि पुढल्या वर्षी त्याच जागी दुसरा कोणी येऊन बसतो. या याद्या मी आवडीने वाचतो. मात्र त्या वाचताना मला दर वेळी एक जुनी, पाचच नावांची यादी आठवते आणि तिच्यासोबत माझा स्वतःचा एक अपराधही आठवतो.

ती यादी १९३३ सालची. इंग्लंडमध्ये विस्डेन नावाचे क्रिकेटचे एक वार्षिक निघते. गेल्या हंगामात इंग्लंडच्या मैदानांवर ज्यांनी विशेष छाप पाडली अशा साधारण पाच खेळाडूंचा ते दरवर्षी गौरव करते आणि हा मान एका खेळाडूला आयुष्यात एकदाच मिळतो. १९३३ च्या अंकात अ‍ॅस्टिल, ब्राउन, केनेडी व व्होस या चार इंग्रज नावांच्या जोडीला पाचवे नाव होते सी. के. नायडू यांचे. रणजी, दुलीप आणि थोरले पतौडी यांना हा मान आधी मिळाला होता, हे खरे. पण तो इंग्लंडातल्या कौंट्यांकडून वा विद्यापीठांकडून खेळल्याबद्दल. हिंदुस्थानची टोपी घालून खेळणाऱ्याला तो मिळाला, तो प्रथम आमच्या इंदूरच्या या कर्नलसाहेबांना.

आता अपराधाची गोष्ट. कॉलेजात असताना कोठूनसे आकडेवारीचे एक पुस्तक माझ्या हाती आले. त्यात मी पाहिले, की नायडूंनी अवघे सात कसोटी सामने खेळले, त्यांत ३५० धावा केल्या, सरासरी २५, सर्वांत मोठी धावसंख्या ८१, शतक एकही नाही. होळकर सरकारच्या नोकरीत जन्म घालविलेले आमचे काका त्यांना दैवत मानीत. एके दिवशी जेवताना मी मोठ्या ऐटीने ते आकडे काकांना ऐकविले आणि असल्या सरासरीचा माणूस आज संघातही आला नसता, असे वर जोडले. काका काही बोलले नाहीत. पानावरून उठले आणि पुढे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या मौनाचा अर्थ लावता लावता मी कर्नलसाहेबांचे चरित्र धुंडाळू लागलो. जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५ चा. घराणे तेलुगू, पण लहानपण आणि शिक्षण सारे नागपुरात. उंच, सडसडीत, ताठ बांधा. हात लांब आणि मनगटे पोलादी. १९१६ साली मुंबईच्या स्पर्धेत हिंदूंच्या संघातून युरोपियनांविरुद्ध ते प्रथम उतरले, तेव्हा संघाचे ७ गडी ७९ धावांत बाद झालेले होते. पहिले तीन चेंडू त्यांनी अडविले आणि चौथा सरळ सीमापार भिरकावला. पहिली धावच षटकाराने! पुढे सत्तेचाळीस वर्षे हा माणूस जसा खेळला, त्याची ती चुणूक होती.

१९२३ साली महाराज तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदुरास बोलावून घेतले आणि आपल्या फौजेत अधिकारपद दिले. पुढे ते कर्नल झाले आणि हा हुद्दा नावाला असा चिकटला, की इंदुरात नुसते कर्नलसाहेब म्हटले तरी पुरे होई. संस्थानिकांचा हा क्रिकेटचा नाद प्रजेच्या पैशावर चालत असे, हा आक्षेप खोटा नव्हे. पण त्याच नादामुळे गुणी खेळाडूंना पोटाची चिंता न करता खेळता आले, हेही तितकेच खरे.

१९२६ साल संपत आले असताना आर्थर गिलिगनचा एम. सी. सी. संघ मुंबईच्या जिमखान्यावर हिंदूंशी खेळावयास उतरला. गाय अर्लने ८ षटकार ठोकून १३० धावा कुटल्या आणि सामना पाहुण्यांच्याच नावावर जमा होणार, असे दिसू लागले. दुसऱ्या दिवशी नायडू मैदानात आले. दोन तासांच्या आत १५३ धावा, १३ चौकार आणि ११ षटकार! त्या दिवशी मुंबईत काम करणाऱ्यांनी कामे टाकली, झाडांवर व छपरांवर माणसे चढली, अशी हकीकत सांगतात. एम. सी. सी. ने त्यांना चांदीची बॅट नजर केली. परंतु बॅटीपेक्षा मोलाची गोष्ट वेगळीच होती. हिंदुस्थानचे खेळाडू इंग्लंडशी बरोबरीने झुंजू शकतील, हा विश्वास त्या दोन तासांत अनेकांच्या मनात रुजला. १९२८ च्या अखेरीस क्रिकेटचे नियामक मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या चार वर्षांत कसोटीचे दार उघडले.

दार उघडले तेव्हा नायडूंची छत्तिशी गाठलेली होती. आजचे खेळाडू ज्या वयात निवृत्तीचा विचार करतात त्या वयात त्यांची पहिली कसोटी! सरासरीच्या पुस्तकात हे वय कोठे लिहिलेले नसते.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे नेतृत्व संस्थानिकांकडे जावे, ही त्या काळची रीत. पोरबंदरचे महाराज कर्णधार झाले आणि लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार. पोरबंदरकरांच्या साऱ्या दौऱ्यातील प्रथम दर्जाच्या धावा होत्या दोन. पण या गृहस्थाचे मोठेपण असे, की आपली पायरी त्यांनी ओळखली. लिंबडीकर दुखापतीने बाजूला झाले आणि लॉर्ड्‌सवरील पहिल्याच कसोटीसाठी संघ नायडूंच्या हाती आला. संघातील काहींना हे रुचले नाही. राजाच्या हाताखाली खेळणे निराळे आणि आपल्यासारख्याच एकाच्या हुकुमात वागणे निराळे. त्यातून नायडूंची शिस्त कडक, बोलणे तुटक. रात्री खलबते झाली, तक्रारी झाल्या, पण निर्णय फिरला नाही. २५ जून १९३२ च्या सकाळी हिंदुस्थानचा पहिला कसोटी संघ मैदानात उतरला, तेव्हा त्याच्या अग्रभागी राजा नव्हता, खेळाडू होता.

त्या सकाळी जे घडले ते प्रसिद्धच आहे. अवघ्या दहा दिवसांपूर्वी होम्स आणि सटक्लिफ या जोडीने यॉर्कशायरसाठी ५५५ धावांची भागी रचून जगाला थक्क केले होते. मोहम्मद निसारने दोघांचीही यष्टी उडविली. मागोमाग वूली धावचीत झाला. इंग्लंड ३ बाद १९! पुढे जार्डीनने डाव सावरला आणि सामना आपण १५८ धावांनी गमावला, ते निराळे. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला जबर इजा झाली होती. तशा हाताने त्यांनी पहिल्या डावात ४० धावा काढल्या आणि त्याच आपल्या बाजूच्या सर्वाधिक ठरल्या. त्या दौऱ्यातील प्रथम दर्जाचा एकही सामना त्यांनी चुकविला नाही. १६१८ धावा केल्या, पाच शतके झळकावली, शिवाय ६५ बळी घेतले. त्यांच्या ३२ षटकारांची मोजदाद इंग्रजांनीच ठेवली. विस्डेनच्या पाचांत जागा मिळाली ती या कमाईवर.

दीड वर्षाने जार्डीन आपला संघ घेऊन इकडे आला, तेव्हाही कर्णधार नायडूच होते. मुंबईच्या पहिल्या कसोटीत तरुण लाला अमरनाथने शतक काढले. त्या वेळी दुसऱ्या बाजूला उभे राहून नायडूंनी १८६ धावांच्या भागीत त्याला साथ दिली. सामना हरला, मालिकाही गेली. पण हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी शतकाला नायडूंचा आधार होता.

यानंतरचे पान कडू आहे. १९३६ च्या दौऱ्याचे नेतृत्व विजयानगरमच्या महाराजकुमारांना मिळाले. तीन कसोट्यांत मिळून त्यांनी ३३ धावा केल्या. संघात तट पडले, अमरनाथला दौऱ्यातूनच परत पाठविण्यात आले आणि ज्याने चार वर्षांपूर्वी संघ चालविला त्या नायडूंना अवहेलना गिळून खेळावे लागले. ओव्हलच्या अखेरच्या कसोटीत त्यांनी ८१ धावा काढल्या. हीच त्यांची कसोटीतील सर्वांत मोठी खेळी आणि हाच त्यांचा शेवटचा कसोटी डाव. ते तेव्हा चाळीस वर्षांचे होते. त्यानंतर दहा वर्षे हिंदुस्थानच्या वाट्याला कसोट्याच आल्या नाहीत. माझ्या हातातल्या पुस्तकाने त्यांचे चरित्र येथेच संपविले होते.

वास्तविक आपल्या इंदुराच्या दृष्टीने ते येथेच सुरू होते. मोहल्ल्यात खेळणाऱ्या मुश्ताक अलीला त्यांनी तो तेरा-चौदा वर्षांचा असतानाच हेरले होते. हाच मुश्ताक १९३६ साली मँचेस्टरला शतक ठोकून परदेशातील कसोटीत शतक करणारा पहिला भारतीय ठरला. सरवटे, निंबाळकर, जगदाळे, हिरालाल गायकवाड, धाकटे बंधू सी. एस. नायडू अशी माणसे गोळा करून त्यांनी होळकर संघ बांधला. १९४४-४५ पासूनच्या नऊ हंगामांत हा संघ आठ वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा करंडक इंदुरास आला. लहानशा संस्थानाने बलाढ्य मुंबईला कापरे भरविले!

१९४५ चा अंतिम सामना मुंबईशी झाला. महूच्या छावणीत लष्करी नोकरीवर असलेला डेनिस कॉम्प्टन तेव्हा होळकरांकडून खेळला. जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या. कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला, मुश्ताकने दोन्ही डावांत शतके केली, तरी हार पत्करावी लागली. त्या एका सामन्यात सी. एस. नायडूंनी ९१७ चेंडू टाकले. सख्ख्या भावाला एवढे राबविणारा कर्णधार दयाळू होता, असे मी म्हणणार नाही. ते कठोर होते, हट्टी होते, उशीर आणि ढिलाई त्यांना खपत नसे; अनेक चांगली माणसे त्यांच्यामुळे दुखावली. पण दुसऱ्याला जे सोसावयास लावीत, ते आधी स्वतः सोसून दाखवीत. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात निखळले. छप्पन वर्षांचा तो म्हातारा मदतीला धावलेल्यांना हातानेच दूर सारून पुन्हा खेळावयास उभा राहिला, अशी हकीकत सांगतात.

पुढच्या हंगामात, १९४५-४६ मध्ये, इंदुरात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या आणि एकाच डावात सहा जणांनी शतके काढली : भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, आर. पी. सिंग आणि स्वतः नायडू. काका तो सामना पाहावयास रजा टाकून गेले होते. सहा शतकांपैकी चार मराठी आडनावांची, हे सांगताना त्यांचा आवाज चढे. मागोमाग बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात नायडूंनी २०० धावा काढल्या. वय वर्षे पन्नास!

संस्थान गेले, तरी संघ काही वर्षे टिकला. नंतर नायडू उत्तर प्रदेशाकडून एकसष्टाव्या वर्षी रणजीत खेळले आणि १९६३ साली अडुसष्टाव्या वर्षी मदतनिधीच्या एका सामन्यात अखेरचे मैदानात उतरले. १९५६ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरातच त्यांनी देह ठेवला. कारकिर्दीचा हिशेब मांडायचाच तर प्रथम दर्जाच्या २०७ सामन्यांत ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी, असा मांडावा लागतो. मी काकांना त्यातले सातच सामने ऐकविले होते.

१९५२-५३ नंतर इंदूरच्या नशिबी रणजी करंडक आला तो थेट २०२२ साली, मध्य प्रदेशाच्या नावाने, आणि तोही मुंबईला हरवून. काका तो दिवस पाहावयास नव्हते. नियामक मंडळाने १९९४ पासून सुरू केलेला जीवनगौरवाचा पुरस्कार नायडूंच्याच नावाचा आहे आणि तो पहिल्यांदा मिळाला लाला अमरनाथांना. मुंबईच्या त्या भागीतले दोघे साठ वर्षांनी असे पुन्हा एकत्र आले.

वर्षातील उत्तम खेळाडू धावा मोजून ठरवावा, बळी मोजून ठरवावा. त्याला दुसरे माप तरी कोणते? पण काही माणसांनी जे केले त्याचा जमाखर्च दुसऱ्यांच्या खात्यावर पडतो : मुश्ताकच्या शतकात, अमरनाथच्या शतकात, राजाऐवजी खेळाडूने संघ चालवावा या आज सर्वांना स्वाभाविक वाटणाऱ्या रिवाजात. हे मला उमगले तेव्हा मी काकांकडे जाऊन त्यांची क्षमा मागितली. त्यांनी मला जवळ बसवून घेतले आणि ९१२ धावांच्या त्या सामन्याची हकीकत पहिल्या चेंडूपासून सांगावयास आरंभ केला.