शाळा घेऊन मुलांकडे गेलेल्या अनुताई वाघ

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या तळोदा तालुक्यातील एखाद्या खेड्यात, तिथल्या प्राथमिक शाळेत काही दिवस सेवा द्यावी, अशी इच्छा कॉलेजात शिकणारी आपली तरुण मुले-मुली अधूनमधून बोलून दाखवतात. इच्छा चांगलीच आहे. मग लगेच प्रश्न येतो तो काय न्यायचे याचा. वह्या, रंगीत खडू, खाऊ, जुने कपडे अशी यादी तयार होते. त्या यादीआधी एका बाईंचे चरित्र डोळ्यांखालून घालावे असे वाटते. त्यांचे काम तळोद्याला नव्हे, आपल्या जवळच डहाणू तालुक्यात झाले. गुजरातकडे जाणाऱ्या गाडीतून घोलवड स्टेशन आपण कितीदा पाहिलेले असते! त्याच बाजूला, बोर्डीच्या समुद्रकाठी आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांनी आयुष्याची सत्तेचाळीस वर्षे काढली.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. सासर म्हणजे काय हे कळायच्या आतच सगळे संपले. अशा मुलीने घराच्या एका कोपऱ्यात आयुष्य काढायचे, हीच तेव्हाची चाल. अनुताईंच्या बाबतीत तसे झाले नाही. त्यांचे शिक्षण पुढे चालू राहिले. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, १९२९ मध्ये पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून प्राथमिक शिक्षिकेची सनद घेऊन बाहेर पडल्या. चार वर्षे नाशिक जिल्ह्यात खेड्यातील मुलांना शिकवले आणि १९३३ मध्ये पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचे, असे करून १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. बी.ए. झाल्या तेव्हा १९६१ साल होते आणि वय होते एक्कावन्न. मध्ये एवढी वर्षे का गेली, ते पुढे येईलच.

हुजूरपागा ही नावाजलेली शाळा. कायमची नोकरी, पुण्यासारखे शहर. त्यांना तेथून उठायचे काहीच कारण नव्हते. पण १९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टने ग्रामसेविकांसाठी बोरिवलीला एक शिबिर भरवले, त्याला त्या गेल्या आणि तिथे त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. ताराबाई त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केलेले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केलेला. मॉन्टेसरी पद्धत शहरातील सुखवस्तू घरांपुरती राहू नये, ती खेड्यातल्या गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचावी, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी बोर्डीला येऊन राहणारे माणूस त्यांना हवे होते. अनुताई तयार झाल्या. तेव्हा त्यांचे वय पस्तीस.

बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. बालवाडी थाटली, साहित्य मांडले. गावातील बऱ्या घरची मुले येऊ लागली. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती हरिजनवाड्यातील आणि मजुरांची मुले मात्र येईनात. आपल्याकडे अशा वेळी काय म्हटले जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. या लोकांना शिक्षणाची किंमत नाही, असे म्हणून आपण हात झटकतो. या दोघींनी मुले का येत नाहीत ते जाऊन पाहिले. आई-बाप पहाटेच कामावर गेलेले. मुलाला अंघोळ घालून, कपडे घालून कोण पाठवणार? कपडे तरी कुठे होते? आणि वरच्या आळीत आपल्या पोराला कसे वागवतील ही धास्ती वेगळीच.

तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या वाड्यात नेली. कोणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडायचे, सारवायचे आणि तिथेच मुले गोळा करायची. आधी मुलांना न्हाऊमाखू घालायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. शिक्षणाची सुरुवात बादलीभर पाण्याने व्हायची. मॉन्टेसरीची महागडी साधने तिथे परवडणार नव्हती, म्हणून समुद्रावरचे शिंपले, गोटे, बिया, पाने, काड्या यांतून साधने तयार झाली. मोजायला शिकायचे तर चिंचोके काय वाईट? अंगणात भरते ती अंगणवाडी. हा शब्द इथलाच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्यामुळे तो देशभर गेला. आज तळोद्याच्या पाड्यापाड्यांवर अंगणवाडीची पाटी दिसते.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबाडला गेले. टेकडीवर वारली आदिवासींची वस्ती, आणि आचार्य भिसे यांचे त्यांच्यातील काम आधीपासून चालू होते. इथली परिस्थिती बोर्डीपेक्षा कठीण होती. वारली कुटुंबे पिढ्यानपिढ्या सावकार-जमीनदारांच्या ओझ्याखाली दबलेली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही वेठीला, ही या भागातली जुनी कहाणी. अशा घरात सात-आठ वर्षांचे मूल म्हणजे एक कामकरी माणूसच. मुलगा गुरे राखायचा, मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळायची. ती शाळेत कशी येणार?

म्हणून मुलगा ज्या कुरणात गुरे चारायला जायचा तिथेच शिक्षिका गेली. गुरे चरताहेत आणि झाडाखाली शाळा भरली आहे. ही कुरणशाळा. समोर जे आहे तेच पुस्तक: झाडे, पाखरे, किडे, ओढ्यातले मासे, आकाशातले ढग. गुरे मोजता मोजता अंक यायचे. गुरे लांब गेली की शाळाही उठून मागे जायची. थकवणारे काम होते ते. वेळापत्रक आणि घंटा यांत वाढलेल्या शिक्षिकेला तर ते अवघडच.

मुलींसाठी दुसरी वाट काढावी लागली. कडेवरचे मूल घेऊनच ये, असे सांगितले. त्या बाळांसाठी पाळणाघर झाले, त्याहून मोठ्यांसाठी बालवाडी आणि ताईसाठी प्राथमिक शाळा, तिन्ही एका छपराखाली. तिला विकासवाडी असे नाव मिळाले. मधल्या सुट्टीत ताई भावाला बघून येई आणि पुन्हा वर्गात बसे. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कामात हीच गोष्ट सर्वांत मोलाची. मुलीला शाळेत आणायचे तर तिच्या कडेवरचे ओझे कोणीतरी घ्यायला हवे, हे त्यांनी भाषणात सांगितले नाही, ते ओझे घेतले.

मुलांच्या पाठोपाठ घरे आली. आजारपण, औषधपाणी, बायकांचे प्रश्न, मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग. खेड्यातील मुलांना शिकवू शकतील अशा बालसेविका तयार करायच्या, शिक्षणपत्रिका चालवायची. एवढ्या रगाड्यात स्वतःच्या बी.ए.ला उशीर होणार नाही तर काय!

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. अठ्ठावीस वर्षांची सोबत संपली. शाळा, बालवाड्या, शिक्षिकांचे प्रशिक्षण, पैशांची जुळवाजुळव, सारे एकट्या अनुताईंवर आले. त्यांनी ते ओढले. पुढे बायकांसाठी सावित्री नावाचे मासिकही चालवले. १९८२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, प्रा. रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ग्राममंगल ही नवी संस्था उभी केली. या वयात माणसे हिशेब मिटवायच्या मागे असतात, बाई नवा हिशेब उघडत होत्या! १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी जमनालाल बजाज पुरस्कारही.

आता पुन्हा तळोद्याकडे वळू. तिकडे गुरांमागे जाणारी मुले आहेतच, पण शाळा ओस पडण्याचे मोठे कारण स्थलांतर हे आहे. पावसाळा सरला, दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातकडे निघतात. पाठीमागे आजी-आजोबा असले तर मूल राहते, नाहीतर तेही गाडीत बसते आणि परत येते ते उन्हाळ्यातच. वर्गातले धडे तोवर पुढे गेलेले असतात. साखर कारखान्यांच्या तळावर भरणाऱ्या साखरशाळा हा यावर काढलेला एक उपाय, आणि कुरणशाळेशी त्याचे नाते उघड आहे. दुसरी अडचण भाषेची. घरात भिली किंवा पावरी बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात येते आणि पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते. ते गप्प बसते, आणि पाहुण्याला वाटते मूल मंद आहे. कोसबाडला मुलांची वारली गाणी आणि नाच वर्गात आले, तेव्हा ती मुले बोलू लागली. म्हणून तळोद्याला जाणाऱ्याने पहिले दोन दिवस फळ्यापाशी न जाता मुलांकडून त्यांच्या बोलीतले शंभर शब्द शिकून घेतले तरी पुष्कळ. जो मुलगा पटावर आहे पण वर्गात नाही, त्याच्या घरी गुरुजींबरोबर जाऊन यावे. अनुताईंची पद्धत याहून वेगळी नव्हती. फरक एवढाच की त्या सुट्टी संपल्यावर परत गेल्या नाहीत.

२७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताईंचे निधन झाले. कोसबाडच्या टेकडीवरून हे त्यांचे आत्मचरित्र आहे. भाषा अगदी सोपी. वह्या-खडूंच्या पिशवीत त्यालाही जागा होईल.