बाबासाहेबांचा मधुमेह आणि आपल्या रक्तवाहिन्या

मार्च १९२० मध्ये हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला परिषद भरली. अध्यक्ष होते २८ वर्षांचे भीमराव आंबेडकर, आणि राजर्षी शाहू महाराज स्वतः हजर होते. तेव्हा मधुमेहावर इन्सुलिन नव्हते. ते माणसाला पहिल्यांदा टोचले गेले जानेवारी १९२२ मध्ये, कॅनडातल्या टोरांटोत.

बाबासाहेबांना मधुमेहाने घेरले ते राज्यघटनेच्या कामात बुडालेले असताना. झोप लागत नसे, पाय रात्री असह्य दुखत. इन्सुलिन सुरू होते. उपचारांसाठी ते मुंबईला येत, तिथेच डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी, वयाची ५७ वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांचे लग्न झाले. पुढे सविता आंबेडकर, म्हणजेच माईसाहेब, त्यांचे पथ्यपाणी आणि औषधे सांभाळू लागल्या.

तरी प्रकृती ढासळतच गेली. नजर अधू झाली, चालताना आधार लागू लागला. १९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर ते अंथरुणालाच होते. अशा शरीराने त्यांनी बुद्धांवरचा ग्रंथ लिहिला, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि नोव्हेंबरात काठमांडूच्या परिषदेत भाषण केले. ६ डिसेंबरला दिल्लीत झोपेतच त्यांचे निधन झाले. वय होते ६५.

इन्सुलिन मिळूनही मधुमेही का खचतो? कारण मधुमेह हा रक्तवाहिन्यांचाही आजार आहे. बारीक वाहिन्या बिघडल्या की डोळे, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा जातात. मोठ्या वाहिन्यांत चरबीचा थर बसला की हृदयविकार, पक्षाघात, पायाला गँगरीन. हा थर साखरेइतकाच रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवर ठरतो. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या हजारो लोकांची वर्षानुवर्षे तपासणी झाली, तेव्हा हे पक्के झाले. तो अभ्यास सुरू झाला १९४८ मध्ये, बाबासाहेबांच्या लग्नाच्याच वर्षी. कोलेस्टेरॉल उतरवणारी पहिली स्टॅटिन गोळी बाजारात आली १९८७ मध्ये. बाबासाहेबांच्या डॉक्टरांच्या हाती ती नव्हतीच.

आज ती साधी, स्वस्त गोळी आहे. तरीही ‘साखर कंट्रोलमध्ये आली’ म्हणून ती परस्पर बंद करणारे नेसरी, गडहिंग्लज भागातले रुग्ण आमच्या ओपीडीत नेहमी भेटतात. काहींचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ असतो. पण मधुमेहात वाईट कोलेस्टेरॉलचे (एलडीएल) कण बारीक आणि जास्त घातक होतात, ट्रायग्लिसराइड वाढते, चांगले कोलेस्टेरॉल (एचडीएल) घटते. म्हणून चाळिशीपुढच्या बहुतेक मधुमेहींना रिपोर्टमधला आकडा फार नसला तरी स्टॅटिन सुचवतात. गोळीने अंग दुखले तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. गरोदरपणात मात्र ती सहसा देत नाहीत.

आई किंवा वडिलांना मधुमेह असेल तर मुलांनी तिशीपासूनच साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासावे. काही घराण्यांत एकाच जनुकातल्या दोषामुळे पिढ्यान् पिढ्या पंचविशीच्या आतच मधुमेह दिसतो, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्याचेही प्रकार आहेत. एकात साखर किंचितच वाढते आणि बहुधा औषध लागत नाही. दुसऱ्यात साखर चढत जाते, आणि रक्तवाहिन्यांना इतर मधुमेहींइतकेच जपावे लागते. म्हणून आजोबा, वडील, मुलगा अशी ओळ घरात असेल तर डॉक्टरांना ती आवर्जून सांगा.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा तीन आकडे विचारा: तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाब आणि एलडीएल. त्याच वेळी चप्पल काढून पायही दाखवा, आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.