दारा शुकोह : वारसायुद्धातील साधने आणि डावपेच

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला दारा शुकोह परिचित असतो तो ‘सिर्र-ए-अकबर’चा कर्ता म्हणून. काशीच्या पंडितांचे व संन्याशांचे साहाय्य घेऊन सुमारे पन्नास उपनिषदांचे फारसी भाषांतर त्याने १६५७ च्या मध्यास पुरे केले. या भाषांतराची एक प्रत पुढे आंकतिल द्यूपेराँ याच्या हाती पडली व १८०१-०२ मध्ये तिच्या लॅटिन रूपाने उपनिषदे युरोपात पोहोचली. भाषांतर संपल्यावर दोन-तीन महिन्यांतच शहाजहान आजारी पडला आणि त्याच्या चार पुत्रांत यादवी पेटली. त्या यादवीतील दाराच्या पराभवाचे मूळ सामान्यतः त्याच्या ग्रंथप्रेमात शोधले जाते. पोथ्यांत रमणारा राजपुत्र रणांगणावर टिकणार कसा, असा हा सोपा हिशेब आहे. परंतु दोन्ही पक्षांचे सैन्य, तोफा व खजिना आणि त्यांच्या हालचालींच्या तारखा एकत्र मांडल्या म्हणजे तो हिशेब जुळत नाही.

दाराचा जन्म २० मार्च १६१५ रोजी अजमेर येथे झाला. यादवी त्याला बालपणापासून परिचित होती. पिता शहाजहान याने जहांगीराविरुद्ध केलेले बंड फसले, तेव्हा १६२६ मध्ये दारा व औरंगजेब या दोघा भावांना आजोबांकडे ओलीस म्हणून पाठवावे लागले होते. शहाजहान गादीवर आल्यानंतर मात्र ज्येष्ठ पुत्राला त्याने क्वचितच दृष्टीआड होऊ दिले. अलाहाबाद, लाहोर, गुजरात, मुलतान व काबूल हे सुभे दाराच्या नावे झाले; कारभार बहुतेक नायबांकरवी चाले. ‘सफीनत-उल-औलिया’पासून १६५५ च्या ‘मज्म-उल-बहरैन’पर्यंतचे त्याचे लेखन याच काळातले. काशीच्या ज्या विद्वन्मंडळाशी त्याचा संबंध आला, त्यातील कवींद्राचार्य सरस्वती हे मूळचे गोदातीरीचे होते.

स्वतंत्र मोहिमेचा त्याचा एकमेव मोठा अनुभव १६५३ च्या कंदाहारच्या वेढ्याचा. लाहोरात ओतलेल्या जड तोफा घेऊन तो गेला आणि किल्ला न घेताच परतला. औरंगजेबही १६४९ व १६५२ मध्ये तेथून हात हलवीत परतला होता. तेव्हा या एका अपयशावरून दोघा भावांची तुलना करणे अन्यायाचे होईल. फरक पडला तो नंतरच्या चार वर्षांत.

ही चार वर्षे औरंगजेबाने दख्खनच्या सुभेदारीत घालविली. मुर्शिद कुली खान या दिवाणाने जमिनीची मोजणी करून तेथील महसुलाची घडी नव्याने बसविली. १६५६ मध्ये गोवळकोंड्यावर स्वारी झाली व त्या दरबारचा वजीर मीर जुम्ला आपल्या तोफखान्यासह मोगलांना येऊन मिळाला. १६५७ मध्ये बीदर व कल्याणी हे किल्ले पडले. वेढा घालणे, रसद राखणे, तोफा ओढून नेणे या साऱ्याचा सराव झालेली आणि एका सेनापतीच्या हाताखाली मुरलेली फौज अशा रीतीने तयार झाली.

दाराचे बळ कागदावर यापेक्षा पुष्कळ मोठे होते. त्याची मनसब शेवटी ६०,००० जातपर्यंत चढली. औरंगजेबाची सुमारे २०,००० होती. राजधानी, तेथील खजिना आणि बादशहाची मोहोर त्याच्या बाजूस होती. पण मनसबदारी पद्धतीत स्वार असत ते मनसबदारांचे. दरबारी सरदार दाराच्या झेंड्याखाली उभे राहिले ते बादशहाचे चाकर म्हणून, आणि बादशहा जगतो की नाही हीच शंका साऱ्या देशात पसरलेली होती. दख्खनमधील सरदारांना परत बोलावून औरंगजेबाचे बळ तोडण्याचा दाराचा उपाय चुकीचा नव्हता. महाबत खान व छत्रसाल हाडा हे उत्तरेस परतलेही. मीर जुम्लाच्या बाबतीत मात्र औरंगजेबाने त्याला कैद केल्याचे नाटक घडवून आणले आणि त्याच्या तोफा ठेवून घेतल्या. त्या तोफांचे मोल पुढे दिसले.

शहाजहान ६ सप्टेंबर १६५७ रोजी आजारी पडला. राजमहाल येथे शुजाने व अहमदाबादेस मुरादने स्वतःच्या नावे द्वाही फिरविली. मुरादने सुरतेचा किल्ला सुरुंग लावून घेतला व तेथील व्यापाऱ्यांकडून सक्तीचे कर्ज उभारले. औरंगजेब थांबला. ५ फेब्रुवारी १६५८ रोजी त्याने औरंगाबाद सोडले, बुऱ्हाणपुरास महिनाभर मुक्काम केला आणि मगच नर्मदेकडे वळला. निघताना विजापूरकरांकडून मिळवावयाचा बराच मुलूख त्याला पदरात न पडताच सोडावा लागला. कल्याण-भिवंडी तर ऑक्टोबर १६५७ मध्येच शिवाजी महाराजांनी विजापूरकरांकडून घेतली होती.

मध्यभागी असलेल्याने शत्रूंना एकेकटे गाठावे, हे युद्धशास्त्राचे जुने सूत्र दाराला उमजले होते असेच म्हणावे लागते. प्रथम हलला तो शुजा. म्हणून सर्वोत्तम फौज सुलेमान शुकोह या पुत्राबरोबर, मिर्झाराजे जयसिंह व दिलेरखान यांच्या सोबतीने पूर्वेस गेली. फेब्रुवारीत काशीजवळ बहादूरपूर येथे तिने शुजाचा पुरता पराभव केला. येथवर डाव बिनचूक होता. चूक झाली ती विजयानंतर. ही फौज त्याच पावली माघारी न फिरता शुजाचा माग काढीत मुंगेरच्या दिशेने गेली, आणि मे महिन्यात शुजाशी तह होईपर्यंत इकडे माळव्यात सारे बदलून गेले होते.

माळव्यात पाठविलेल्या जसवंतसिंहाला शहजाद्यांना शक्यतो न लढता परतवावे, अशा संदिग्ध आज्ञा होत्या. मुराद व औरंगजेब एकत्र येण्यापूर्वी त्यांना गाठण्याची संधी त्याने दवडली. १५ एप्रिल रोजी धर्मत येथे राजपुतांनी तोफांवर चाल केली. मुर्शिद कुली खान तोफखान्यापाशीच पडला. पण कासिम खानाचे मोगल पथक जागचे हलले नाही आणि हल्ल्याला पाठबळ मिळाले नाही.

दाराने आता चंबळचे उतार तोफा मांडून रोखले. औरंगजेबाने चंपतराय बुंदेल्याच्या मार्गदर्शनाने दूर पूर्वेकडील एका दुर्लक्षित उतारावरून २३ मे रोजी नदी ओलांडली. दाराला जड तोफा नदीकाठीच टाकून आग्र्याकडे धावावे लागले. सुलेमानची वाट पाहावी, असा शहाजहानचा सल्ला होता. तो मानला असता तर काय झाले असते, हे कोण सांगणार? तथापि चंबळ ओलांडलेला शत्रू राजधानीपासून हाकेच्या अंतरावर असताना वाट पाहणे तितके सोपेही नव्हते.

२८ मे रोजी समूगढ येथे दाराची फौज मैदानात उभी राहिली. समोरचा शत्रू उन्हातल्या कूचाने थकलेला होता. तरीही दाराने हल्ला केला नाही, आणि चिलखते चढवलेले स्वार दिवसभर उन्हात तिष्ठत राहिले. औरंगजेबाच्या माणसांना रात्रभर विसावा मिळाला. दुसऱ्या दिवशी दाराच्या तोफखान्याने फार दुरून मारा सुरू केला व दारूगोळा व्यर्थ गेला. औरंगजेबाने आपला मारा राखून ठेवला. डावीकडून रुस्तम खान व आघाडीवरून छत्रसाल हाडा यांनी केलेले हल्ले शौर्यात उणे नव्हते. दोघेही ठार झाले. त्यांच्या मदतीस दारा स्वतः मध्य सोडून पुढे गेला, तो आपल्याच तोफांच्या पुढे. साहजिकच त्या मुक्या झाल्या. उजवी बाजू सांभाळणारा खलीलुल्ला खान जवळजवळ निष्क्रिय राहिला. अखेर दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. रिकामा हौदा पाहून सैन्य फुटले. दगाबाजीच्या कथा पुष्कळ आहेत, पण खलीलुल्ला खान पूर्ण इमानी असता तरी स्वतःच बंद केलेल्या तोफा पुन्हा चालू झाल्या नसत्या.

त्यानंतर साधनांचे पारडे फिरले. यमुनेचे पाणी तोडून औरंगजेबाने ८ जून रोजी आग्र्याचा किल्ला, आणि त्यासह खजिना, घेतला. दाराजवळ अद्याप लाहोर होते. तेथील द्रव्य व शस्त्रागार यांच्या बळावर त्याने सुमारे वीस हजारांची नवी फौज जमविली, पण पाठलाग जवळ येताच न लढता मुलतान, भक्कर, ठठ्ठा व कच्छच्या रणामार्गे तो गुजरातेत उतरला. मार्च १६५९ मध्ये अजमेरजवळ देवराई येथे त्याने खिंडीत मोर्चे बांधून तीन दिवस टिकाव धरला, आणि ही त्याची सर्वांत शिस्तशीर लढाई ठरली. येण्याचे वचन देऊन जसवंतसिंह आला नाही. जम्मूचे डोंगरी लोक मागच्या टेकडीवर चढले आणि मोर्चा कोसळला.

बोलन घाटाच्या वाटेवर पत्नी नादिरा बानू वारली. उरलेसुरले विश्वासू सैनिक तिच्या शवासोबत दाराने लाहोरास पाठविले. नंतर दादरच्या मलिक जीवनने त्याला पकडून दिले. २९ ऑगस्ट १६५९ रोजी दिल्लीत त्याची धिंड निघाली, दुसऱ्या रात्री वध झाला आणि हुमायूनच्या मकबऱ्यात दफन करण्यात आले.

सुलेमानला समूगढची वार्ता वाटेतच कळली. जयसिंह व दिलेरखान त्याला सोडून औरंगजेबाकडे गेले आणि ती जिंकलेली फौज एकही लढाई न हरता विरून गेली. सुलेमानने गढवालच्या राजाकडे आश्रय घेतला. १६६० च्या अखेरीस त्याला स्वाधीन करण्यात आले. १६६२ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात अफू पाजून त्याचा अंत करण्यात आला.