संत जोसेफ वाझ आणि सुखाची ओढ



शुभवर्तमानातील श्रीमंत तरुण आपल्या परिचयाचा आहे. सर्व आज्ञा पाळणारा तो सज्जन तरुण, संपत्ती सोडण्याची वेळ येताच खिन्न होऊन परत गेला. आज आपण अशा एका धर्मगुरूची ओळख करून घेऊ, जे परत फिरले नाहीत.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे झाला. त्यांचे कुटुंब सांकवाळचे, प्रतिष्ठित आणि श्रद्धावान. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. उत्तम प्रवचनकार म्हणून त्यांचे नाव झाले. पुढे त्यांनी कानडा प्रांतात सेवा केली आणि १६८५ साली जुन्या गोव्यातील ऑरेटरी संघात प्रवेश केला. तेथे ते प्रमुखही झाले. मानाचे, निश्चिंत आयुष्य समोर होते.

परंतु त्यांचे मन श्रीलंकेकडे लागले होते. १६५८ साली डचांनी पोर्तुगिजांचा तेथील शेवटचा किल्ला जिंकला होता. कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिले गेले; त्यांना आसरा देणाऱ्यालाही कठोर शिक्षा होती. सरकारी हुद्दा हवा असेल, तर डच पंथात नाव नोंदवावे लागे. म्हणजे श्रद्धा सोडण्यासाठी नुसती भीती घातली जात नव्हती, लाभही पुढे केला जात होता. तरीही अनेक घरांत गुपचूप जपमाळ म्हटली जात होती. जवळजवळ तीस वर्षे त्यांना मिस्सा मिळाली नव्हती.

१६८७ साली फादर वाझ मजुराच्या वेशात जाफना येथे उतरले, तेही आजारी अवस्थेत. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. जपमाळ पाहून कोणाचे डोळे भरून येतात, त्यावरून ते आपली माणसे ओळखत. रात्री मिस्सा होई आणि पहाटेपूर्वी मुक्काम हलवावा लागे. जवळजवळ दहा वर्षे त्या बेटावर ते एकटेच धर्मगुरू होते.

१६९२ साली कँडी येथे त्यांना हेर समजून कैद झाली. पुढे राजाची मर्जी बसली, मोकळीकही मिळाली. आता तरी राजाश्रयाने सुखात राहता आले असते. पण १६९७ साली कँडीत देवीची साथ आली आणि लोक रोग्यांना टाकून पळाले, तेव्हा फादर वाझ तेथेच थांबले. त्यांनी रोग्यांना आसरा दिला, अन्न भरवले, मृतांना पुरले. पुढे बिशपपदासाठी त्यांचे नाव निघाले, तेही त्यांनी स्वीकारले नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे निधन झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संत घोषित केले.

जुळे सोलापुरात आपल्यापैकी अनेकांनी पोटाला चिमटा काढून घर उभे केले, मुलांना शिकवले. ते पाप नव्हे. तो देवाचा आशीर्वाद आणि तुमच्या कष्टांचे फळ आहे. प्रश्न इतकाच, की सुख हे साधन राहिले आहे की साध्य झाले आहे? आज प्रार्थनेच्या बदल्यात गाडी, बंगला आणि धंद्यात बरकत देऊ करणारे प्रचारक आपल्या दारीही येतात. त्यांना विचारावे, श्रीलंकेतील त्या गरीब कॅथलिकांना काय मिळाले? श्रद्धेने त्यांचा हुद्दा गेला, जमीन धोक्यात आली. फादर वाझ यांनीही त्यांना धनाचे वचन दिले नाही. दिला तो ख्रिस्तप्रसाद. आणि त्यांना तो पुरला.

लाभासाठी धरलेली श्रद्धा, अधिक लाभ दुसरीकडे दिसताच सुटते. छळापुढे ताठ राहणारा माणूस सुखापुढे नकळत वाकतो. आधी रविवारची मिस्सा सुटते, मग घरातली जपमाळ, मग आजारी शेजाऱ्याची विचारपूस.

या आठवड्यात आपण प्रत्येक कुटुंबाने एक संध्याकाळ टीव्ही बंद ठेवून जपमाळ म्हणू या आणि आपल्या विभागातील एका रुग्णाला भेटून येऊ या. संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती करा.